विषाची परीक्षा



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी आम्हांला भेटायला थांबली. लहानपणी पहिल्या बाकावर बसून सर्वांत मोठ्याने गाणारी ही मुलगी शिक्षण पूर्ण करून आता दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे. लोक पांगल्यावर तिने हळूच विचारले, "फादर, उंदीर मारणं पाप आहे का?"

आम्ही हसलो. घरात धान्याचे पोते असलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पण ती हसली नाही. "घरातले नाही, फादर. प्रयोगशाळेतले. मी त्यांच्या पाठीवर औषध लावते आणि चौदा दिवस बघत बसते. काही मरतात. रात्री झोप लागत नाही."

त्या दिवशी आम्ही तिला चार धीराचे शब्द सांगितले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. पण खरे सांगायचे तर तिला उत्तर दिले नाही, कारण आमच्याजवळ ते तयार नव्हते. सध्या सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थना करण्याचा काळ चालू आहे. 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरला येणाऱ्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणापर्यंत जगभरातील ख्रिस्ती लोक तो पाळतात. आपल्या भागात हाच फवारणीचाही हंगाम आहे. या निमित्ताने तिच्या प्रश्नावर आपण सर्वांनी मिळून विचार करावा असे वाटते. प्रश्न उंदराचा आहे, पण त्याचे उत्तर शोधता शोधता आपण आपल्याच घराच्या दारात येऊन उभे राहतो, असा आमचा अनुभव आहे.

काय करतात?

आधी ही परीक्षा काय असते ते समजून घेऊ. शेतात फवारायचे एखादे रसायन बाजारात आणायचे असेल, तर ते पोटात गेल्यास किती घातक, श्वासावाटे गेल्यास किती घातक आणि कातडीवर सांडल्यास किती घातक, हे आधी ठरवावे लागते. कातडीची परीक्षा बहुधा पांढऱ्या उंदरांवर होते. आदल्या दिवशी उंदराच्या पाठीवरचे केस कापतात. दुसऱ्या दिवशी शरीराच्या निदान दहाव्या हिश्शाइतक्या त्या उघड्या कातडीवर मोजून रसायन लावतात, वर पट्टी बांधतात आणि उंदराला ते चाटता येणार नाही अशी व्यवस्था करतात. 24 तासांनी पट्टी काढून कातडी धुतात. मग 14 दिवस लक्ष ठेवतात. तो खातो का, थरथरतो का, लाळ गळते का, श्वास कसा चालतो, वजन घटते का, जगतो की मरतो, या सर्वांची नोंद वहीत होते. उंदराला फारच यातना होत असतील तर त्याला त्यातून लवकर सोडवावे, असाही नियम आहे. जगातील अनेक देशांनी मान्य केलेली या परीक्षेची ठरलेली पद्धत 1981 पासून आहे आणि 2017 मध्ये ती सुधारून कमी उंदरांत भागेल अशी करण्यात आली.

या सर्वांतून हाती काय येते? एक आकडा. प्राण्याच्या वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम रसायन लागले म्हणजे निम्मे प्राणी मरतात, हे तो सांगतो. 1927 साली ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विषाचे बळ मोजण्याची ही रीत सुचवली. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

उंदराच्या पाठीवरून आपल्या घरात

आता तुम्ही म्हणाल, फादर, दूरच्या शहरातल्या या गोष्टीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तो आकडा तुमच्या घरात आहे.

कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली हातात घ्या. तिच्यावर कोनावर उभी केलेली एक चौकट दिसेल. वरच्या अर्ध्या भागात इशारा आणि खालच्या अर्ध्या भागात रंग. हा रंग छापणाऱ्याच्या आवडीचा नसतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली 1971 मध्ये जे नियम झाले, त्यांत तो ठरवून दिला आहे. कातडीच्या परीक्षेत दर किलोला 200 मिलिग्रॅमपर्यंत निम्मे प्राणी मेले तर लाल. 201 ते 2000 पर्यंत पिवळा. 2001 ते 20,000 पर्यंत निळा. त्याहून जास्त लागले तर हिरवा. पोटातून दिलेल्या विषाचे आकडे वेगळे आहेत आणि ते याहून लहान आहेत. म्हणजे लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक, असे कोणीही समजू नये.

हा कायदाही सहज झाला नाही. 1958 साली केरळात गव्हाच्या पिठात कीटकनाशक मिसळले गेले आणि ते खाऊन शंभरावर माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली, सूचना आल्या आणि दहा वर्षांनी कायदा आला. म्हणजे बाटलीवरच्या त्या रंगामागे आधी माणसांचे आणि मग मुक्या जिवांचे मरण उभे आहे. आपण मात्र बाटली उघडताना झाकण पाहतो, किंमत पाहतो आणि दुकानदाराने "दीड झाकण टाका" म्हटलेले लक्षात ठेवतो. रंग कोण पाहतो?

आपली भाषाही आपल्याला फसवते. आपण या विषाला 'औषध' म्हणतो. "पऱ्हाटीला औषध मारलं," असे म्हणतो. ज्याने जीव वाचतो ते औषध. ज्या वस्तूला आपण रोज औषध म्हणतो तिची भीती हळूहळू मनातून जाते.

मुक्या जिवाला दुःख असते का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा वाद आम्ही पुस्तकात वाचला होता. 17 व्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने प्राण्यांना यंत्रासारखे मानले. त्याच्या मागून आलेल्या काहींनी तर जनावराचे ओरडणे म्हणजे घड्याळाचे टोले, असे ठरवून टाकले. त्याच्या चारशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळी वाट धरली होती. प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत हे त्यांनी मान्य केले, पण जनावराशी क्रूर वागण्याची सवय लागलेला माणूस पुढे माणसांशीही क्रूर होतो, म्हणून क्रौर्य वाईट, असे ते शिकवतात. 1789 साली बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने आणखी सरळ प्रश्न विचारला. प्राण्याला बुद्धी आहे की नाही, बोलता येते की नाही, यापेक्षा त्याला दुःख होते की नाही, हे आधी पाहा, असे त्याचे म्हणणे होते. देवाधर्माशी त्याचा फारसा संबंध नव्हता, तरी या एका बाबतीत त्याने बोट बरोबर ठिकाणी ठेवले.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे कोणा तत्त्वज्ञाने सांगावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतो, ते बैलाचा खांदा दुखतो हे त्याला ठाऊक आहे म्हणूनच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेले लहान लेकरूही त्या लाकडाच्या पाठीवरून हात फिरवते.

पवित्र शास्त्रही याविषयी मुके नाही. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नका, अशी आज्ञा अनुवाद या पुस्तकात आहे. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे सांगतात. बलामाच्या गाढवीने देवदूताला पाहिले, बलामाला मात्र तो दिसला नाही, आणि तिला मारल्याबद्दल देवदूताने बलामालाच जाब विचारला. जलप्रलयानंतर परमेश्वराने जो करार केला, तो नोहाशीच नव्हे, तर तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जिवाशी केला. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी निनवेची कीव करताना परमेश्वर तेथील गुराढोरांचीही आठवण काढतो. आणि कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमणीवरही पित्याचे लक्ष असते, हे तर आपल्या प्रभूनेच सांगितले. त्याच वेळी तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहात, असेही तो म्हणाला. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरली पाहिजेत. माणूस मोलाचा आहे म्हणून चिमणी बिनमोलाची ठरत नाही.

म्हणून आपली ख्रिस्तसभा या प्रश्नावर मधली, पण अवघड वाट सांगते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2415 ते 2418 या परिच्छेदांत हा विषय आला आहे. माणसांचे प्राण वाचवण्यास किंवा त्यांची शुश्रूषा करण्यास हातभार लागत असेल आणि मर्यादा पाळली जात असेल, तर प्राण्यांवर प्रयोग करणे नीतीला धरून आहे. परंतु गरज नसताना प्राण्याला यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हीच शिकवण पुन्हा अधोरेखित केली.

म्हणजे सारा भार एका शब्दावर येतो. गरज.

गरज कोण ठरवणार?

आपला जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेला आहे. 1936 पासून सेवाग्राम हे त्यांचे घर होते. वैद्यकाच्या नावाखाली चालणाऱ्या प्राण्यांच्या चिरफाडीला त्यांचा विरोध होता, 1909 च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी तो नोंदवला आहे. पण याच गांधीजींनी 1928 साली साबरमतीच्या आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या, बरे होण्याची आशा न उरलेल्या एका वासराला डॉक्टरकडून विषाचे इंजेक्शन देवविले. स्वतः समोर उभे राहून देवविले. देशभर गदारोळ झाला. संतापाची पत्रे आली. त्यांनी ती टाळली नाहीत, जाहीरपणे उत्तरे दिली.

प्राण्यांवरील प्रयोगांविषयी गांधीजींचे मत आणि ख्रिस्तसभेची शिकवण सर्वस्वी एक नाहीत. लसी आणि औषधे यांनी वाचलेली लेकरे आपण रोज पाहतो, आणि त्यांतील कित्येक औषधे प्राण्यांवरील परीक्षेतून आली आहेत. तरीही त्या वासराच्या प्रसंगातून आम्ही एक गोष्ट शिकतो. जे करणे भाग आहे असे आपल्याला वाटते, ते समोर उभे राहून, डोळे उघडे ठेवून करावे आणि त्याचा जाब द्यायला तयार असावे. आपली मुलगी रात्री झोपत नाही याचे आम्हांला वाईट वाटले, पण काळजी वाटली नाही. जिला चौदा दिवस उंदराकडे बघूनही छान झोप लागली असती, तिची आम्हांला अधिक काळजी वाटली असती.

गरज कमी करण्याचे प्रयत्नही चालू आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. 1959 साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन पायऱ्या सांगितल्या. प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरता आले तर ते वापरा, नाही तर प्राण्यांची संख्या कमी करा, आणि जे प्राणी वापराल त्यांच्या यातना कमी करा. विष पोटात देऊन निम्मे प्राणी मारण्याची जुनी पद्धत 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून काढून टाकण्यात आली. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर परीक्षा घेण्यास आपल्या देशात 2014 पासून बंदी आहे. आणि कातडीच्या परीक्षेविषयी तर 2016 साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जुने निकाल तपासून असे ठरवले की, पोटातील परीक्षेचा निकाल हाती असताना तयार कीटकनाशकांसाठी कातडीची वेगळी परीक्षा फारशी नवी माहिती देत नाही. म्हणून ती माफ करण्याची वाट त्यांनी मोकळी केली. विचार करा, इतकी वर्षे जी परीक्षा गरजेची म्हणून चालली, तिची गरज पुष्कळदा नव्हतीच. 'नेहमी असेच करतात' याला आपण किती सहज 'गरज' म्हणतो!

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत शिकागोजवळ इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी प्रयोगशाळा होती. अनेक रसायनांच्या परीक्षा तिच्याकडे होत्या. 1976 मध्ये उघडकीस आले की तिथल्या नोंदी मोठ्या प्रमाणावर खोट्या होत्या. 1983 मध्ये तिच्या अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्या प्रयोगशाळेत जे प्राणी मेले, ते फुकट मेले, आणि ज्यांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला ती माणसे फसली. म्हणून आमच्या त्या मुलीला आमचे पहिले सांगणे हे, की बाळ, तुझ्या वहीतला प्रत्येक आकडा खरा असू दे. उंदराची अवस्था आहे तशी लिही. वरिष्ठांना आवडेल तशी लिहू नकोस. तिथे खोटेपणा झाला तर ते उघड पाप आहे, आणि ते उंदराविरुद्धही आहे आणि शेजाऱ्याविरुद्धही.

दुसरी परीक्षा

इथपर्यंत विचार आला आणि आम्हांला वाटले, आता उत्तर मिळाले. प्रयोग माणसाचे प्राण वाचवण्यासाठी आहे, यातना शक्य तितक्या कमी आहेत, नोंद खरी आहे. मग हरकत नाही. पण एवढ्यात आम्हांला आपल्या शेजारचा यवतमाळ जिल्हा आठवला.

2017 चा पावसाळा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, किडीचा जोर. शेतकरी आणि शेतमजूर पाठीवर पंप घेऊन त्या दाट पिकात शिरले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, जोरात फवारणारे पंप, अंगावर साधा सदरा, पाय उघडे. फवारा पिकावर आणि तेवढाच अंगावर. काही दिवसांत दवाखाने भरले. डोळ्यांना दिसेनासे झाले, उलट्या, घाम, श्वास लागणे. शेकडो लोकांवर उपचार करावे लागले आणि एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. सरकारने चौकशी पथक नेमले, आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. बंदी आली तोवर हंगाम संपत आला होता.

यातील कित्येक औषधे मज्जातंतूंवर काम करतात. किडीचे जे होते तेच माणसाचे होते. स्नायूंना आवर घालणारा शरीरातील एक पदार्थ निकामी होतो, लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छाती भरून येते. आणि हे विष प्यावेच लागते असे नाही, कातडीतूनही ते आत जाते. ऊन आणि घाम असला की अधिक जाते. तळहातापेक्षा मान, कपाळ आणि जांघ यांतून अधिक जाते. गळक्या पंपाचे पाणी पाठीवरून नेमके खाली उतरते.

बंधू-भगिनींनो, आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. प्रयोगशाळेत उंदराच्या पाठीवर एक रसायन लावले जाते, एकदा, मोजून, आणि 24 तासांनी ते धुतले जाते. वावरात माणसाच्या पाठीवर दोन-तीन रसायने पडतात, मोजमाप न करता, दिवसभर, आणि तोच सदरा घालून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. उंदराजवळ एक प्रशिक्षित मुलगी वही घेऊन बसते आणि तिची झोप उडते. मजुराजवळ वही घेऊन कोण बसते? त्याच्यामुळे कोणाची झोप उडते?

मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, असे आपण म्हणतो. इथे तर उंदराचा जीव गेला, त्यातून मिळालेला इशारा बाटलीवर छापला गेला, आणि तो न वाचताच आपण माणसाला त्या विषात उभे केले. विषाची परीक्षा पाहू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आपण ती दोनदा पाहतो. एकदा उंदरावर, नियमाने. दुसऱ्यांदा गरिबावर, बेफिकिरीने.

काही वर्षांपूर्वी हंगामात घरभेटीला गेलो असता आम्ही एका अंगणात पाहिले. मुलगा नुकताच फवारणी करून आला होता. आईने त्याचा भिजलेला सदरा घेतला आणि धाकट्या बहिणीच्या शाळेच्या गणवेशाबरोबर त्याच बादलीत बुडवला. आम्हांला चहा दिला. आम्ही आशीर्वाद दिला आणि निघून आलो. बादलीबद्दल काही बोललो नाही, कारण तेव्हा आम्हांलाही ठाऊक नव्हते. अज्ञान हा बचाव एकदा चालतो. आता आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मग उत्तर काय?

तत्त्वाच्या भाषेत सांगायचे तर इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ती मुलगी जे करते, त्याचा न्याय तिच्या हेतूवर, तिच्या काळजीवर आणि तिच्या खरेपणावर होईल. पुढे बाटली कोणी वाचली नाही, तर तो दोष तिचा नाही. पण आपण सर्व मिळून, समाज म्हणून, मुक्या जिवाला यातना देण्याची जी परवानगी दिली आहे, ती एका कारणासाठी दिली आहे. माणूस वाचावा म्हणून. त्या यातनेतून आलेले ज्ञान आपण वापरलेच नाही, तर परवानगीचे कारणच राहत नाही. गरजेच्या नावाने दिलेले दुःख आपल्या आळसामुळे बिनगरजेचे होऊन बसते. उंदराचे ऋण फेडायचा एकच मार्ग आहे. त्याने जो इशारा दिला तो मानणे.

"फादर, गरिबाला हे परवडतं का?" असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. रोजाने येणाऱ्या मजुराने स्वतःचे हातमोजे, चष्मा आणि तोंडाची पट्टी आणावी, अशी अपेक्षा करता येत नाही. विष ज्याचे, पीक ज्याचे आणि नफा ज्याचा, काळजीही त्याचीच. नियमांतही संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. आपल्या मंदिरात एकाच बाकावर वावराचा मालक बसतो आणि त्याच्या वावरात फवारणारा मजूरही बसतो. मिस्साबलीत दोघे एकमेकांना शांतीची खूण देतात, एकाच मेजावरून ख्रिस्तप्रसाद घेतात. सोमवारी सकाळी पंप उचलताना ती खूण कुठे जाते?

"संपूर्ण पोशाख घातला तर उकाड्याने जीव जातो," असेही म्हणतात. तेही खरे आहे. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारणी करावी, वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नये, एका माणसाला दिवसभर त्यात ठेवू नये. काम दोन दिवस लांबले तर लांबू द्यावे. दोन दिवसांचा रोज वाचवण्यासाठी आपण माणूस पणाला लावायचा का, हा प्रश्न शेतीचा नसून आपल्या विश्वासाचा आहे.

केवळ लिहून थांबू नये म्हणून धर्मग्रामासाठी पाच गोष्टी सुचवतो.

1. बाटली घेताना रंग पाहा. लाल आणि पिवळ्याऐवजी सौम्य औषधाने भागते का, ते कृषी अधिकाऱ्याला विचारा. सल्ल्यावाचून दोन औषधे मिसळू नका.

2. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट मालकाने द्यावेत. गळका पंप मजुराच्या पाठीवर देऊ नये. नोझल तोंडाने फुंकू नये.

3. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करा. ते कपडे वेगळे धुवा. रिकामी बाटली किंवा डबा घरात कशासाठीही वापरू नका.

4. औषध कुलपात ठेवा, मुलांच्या आणि दुःखात असलेल्या माणसाच्या हाताला लागणार नाही असे. घरात कोणी खचले असेल तर त्याला एकटे सोडू नका. आम्हांला अपरात्रीही बोलवा.

5. चक्कर, अंधारी, उलटी, फार घाम किंवा लाळ असे काही झाले तर अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि थांबून न पाहता दवाखान्यात न्या. बाटली बरोबर न्या. तिच्यावर औषधाचे नाव आणि उताराही लिहिलेला असतो, डॉक्टरांना तो लगेच उपयोगी पडतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणे हे आपल्या तरुण मंडळाचे काम आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर मुले मंदिराच्या आवारात बसतील. घरातील बाटली आणू नका, तिच्यावरील नाव आणि रंग तेवढा कागदावर लिहून आणा. ते त्याचा अर्थ समजावून सांगतील.

आणि आमच्या त्या मुलीला? तिला आम्ही पत्र लिहिले आहे. उंदीर मारणे पाप आहे का, या तिच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. मन निबर होणे हे पाप आहे, खोटे लिहिणे हे पाप आहे, कमी यातनेचा मार्ग असताना जास्त यातनेचा धरणे हे पाप आहे. तू यांतले काही करत नसशील तर देवापुढे निर्भयपणे उभी राहा. जिथे एक प्राणी कमी लागेल तिथे तसे बोलायला घाबरू नकोस. आणि झोप येत नाही तेव्हा आपल्या वावरांसाठी प्रार्थना कर. तुझ्या वहीतला आकडा इथे कोणाच्या तरी पाठीवर येऊन पोहोचतो.

या रविवारच्या विश्वासू जनांच्या प्रार्थनांत आपण अशी याचना करू या. हे प्रभो, तू घडवलेल्या प्रत्येक जिवाकडे पाहण्याचे डोळे आम्हांला दे. ज्यांच्या दुःखावर आमचे पीक उभे आहे त्यांची नावे आम्हांला विसरू देऊ नकोस. यवतमाळात आणि इतरत्र फवारणीत दगावलेल्या शेतकरी व शेतमजुरांना तुझी सार्वकालिक शांती दे, आणि आमच्या हातून पुढचा जीव जाऊ देऊ नकोस. आमेन.

तुमचा प्रभूमध्ये,
धर्मगुरू